पिंट्याच्या फॉर्मबद्दल

घाटकोपर, मुंबई

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आपल्या पिंट्यासाठी भाऊकाकांनी पाठवलेला सरकारी भरतीचा फॉर्म मिळाला. बाबा, ‘गुन्हा दाखल आहे काय’ या रकान्यात, त्याच्यावर केस झालेली असूनही, सरळ ‘नाही’ लिहा, कोण बघतंय, असं तुम्ही म्हणालात. मी त्याला तसं लिहू देणार नाही. फोनवर तुमचा आवाज चढला, मग माझाही चढला, म्हणून पत्रच लिहितेय.

बघतात, बाबा. भरतीचा साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची सगळी माहिती खरी म्हणून लिहून द्यायचा फॉर्म, पोलीस पडताळणीला जातो. आणि कोर्टाच्या साइटवर नाव टाकलं की केस कुणालाही मोबाइलवर दिसते. डिलिव्हरीच्या कामात तेच झालं. टी-शर्ट मिळाला, बॅग मिळाली, पोरगा उन्हातान्हात फिरायला लागला आणि एका सकाळी आयडी बंद. विचारायला समोर माणूस नाही, नुसता मेसेज. त्या दिवशी तो जेवला नाही. बॅग परत करायला मीच गेले.

अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१६ साली सांगितलंय की केस लपवली तर तेवढ्यावरून नोकरीवरून काढता येतं. खरं लिहिलं म्हणून घ्यायलाच पाहिजे असं नाही, हेही त्यात आहे. पण मग निदान गुन्हा काय होता, वय काय होतं याचा विचार तरी होतो. लपवून लागलेली नोकरी उद्या लग्न झाल्यावर, डोक्यावर कर्ज असताना गेली तर तो कुणाच्या तोंडाकडे बघेल?

आणि लपवावं असं त्याच्या कागदात आहे तरी काय? मारामारी झाली, समोरच्याला टाके पडले, यानं गुन्हा कबूल केला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. एकवीसच्या आतल्या मुलाला शक्यतो तुरुंगात धाडू नये, असं १९५८ च्या प्रोबेशनच्या कायद्यातच आहे. म्हणून तर न्यायाधीशांनी नीट वागेन असा बाँड लिहून घेऊन सोडला. असा सोडलेल्या माणसाला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही, हे त्याच कायद्याचं कलम १२. केस पुसली जात नाही, ती सांगावीच लागते, हे वकीलबाईंनी मला दोनदा बजावलं. निकालाची सर्टिफाइड कॉपी मी फोल्डरमध्ये घालून त्याच्याकडे दिलीय.

वॉचमनच्या कामाचं मात्र डोक्यातून काढा. सिक्युरिटी एजन्सीच्या २००५ च्या कायद्यात शिक्षा झालेल्याला गार्ड म्हणून घ्यायचं नाही असं लिहिलंय. प्रोबेशनचं कलम दाखवून सुपरवायझरशी वाद घालण्यात त्याचे दिवस जायला नकोत.

आता खरी बातमी. साकीनाक्याला एका गाळ्यात फिटर हवा होता. मी सोबत गेले, पण बोलला तोच. शेठनी आयटीआयचं विचारलं, त्यानं सांगितलं आणि लगेच फोल्डर पुढे केला. म्हणाला, ‘आधी हे वाचा.’ शेठनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, मग शेवटचं. कशावरून भांडण झालं, दारू पितोस का, एवढंच विचारलं. मग एक बुश, म्हणजे मशीनमधली धातूची छोटी नळी, त्याच्या हातात दिला आणि मोजायला वर्निअर दिलं. पिंट्यानं आधी वर्निअरचे जबडे मिटवून शून्य तपासलं, बुश पुसला, तीन ठिकाणी माप घेतलं आणि आकडा सांगितला. शेठनी स्वतः मोजून पाहिलं आणि सोमवारपासून ये म्हणाले. पगार कमी आहे, बारा तासांची पाळी आहे, तीन महिने बघू म्हणालेत. पण तिथे त्याचं सगळं माहीत आहे, आणि तो रात्री नीट झोपतोय.

हे कायमचं नाही, मला कळतंय. सरकारी फॉर्मही भरू, रकान्यात ‘होय’ लिहून निकालाची प्रत जोडून. मुदत आहे अजून. टाटा इन्स्टिट्यूटचा ‘प्रयास’ प्रकल्प तुरुंगातून, पोलीस कोठडीतून बाहेर आलेल्यांसाठी १९९० पासून काम करतोय, त्यांच्याकडेही त्याला घेऊन जाईन.

आई, वाडीत तू तो पुण्याला ट्रेनिंगला आहे असं सांगतेस. गणपतीत तो घरी येईल तेव्हा त्याला तेच खोटं पुढे चालवावं लागेल. मुंबईतच आहे, फिटरचं काम करतो, एवढं सांग. त्यापुढे कुणी खोदून विचारलं तर माझ्याकडे बोट दाखव.

बाबा, त्याचं आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट तुमच्या लोखंडी ट्रंकेत आहे. स्पीड पोस्टने लवकर पाठवा, शेठना बघायचंय. आणि रविवारी त्याला सुट्टी असते, माझ्या नव्हे, त्याच्याच नंबरवर फोन करा.

तुमची,
सुमी