खुले पत्र : आमची 'जनता' परत द्या

प्रति,
मा. केंद्रीय अवजड उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

विषय : एचएमटी या सरकारी कंपनीचे 'जनता' घड्याळ, देवनागरी आकड्यांसह, पुन्हा काढण्याबाबत.

महोदय, स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी मी फसलो, म्हणून हे पत्र. ऑनलाइन ३,२०० रुपये मोजून 'अस्सल, जुनं, न वापरलेलं' जनता मागवलं. पांढरी तबकडी, देवनागरी आकडे, हुबेहूब वडिलांचं. आमच्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं आणि हसलेच. "गुरुजी, तबकडी रंगवलीय. सेकंदकाटा दुसऱ्याच घड्याळाचा. आणि हा 'ज' बघा, शिरोरेषेच्या वर निघालाय." अशा मालाला परदेशातले घड्याळवेडे 'मुंबई स्पेशल' म्हणतात म्हणे. महाराष्ट्राचं नाव सातासमुद्रापार गेलं ते असं!

वडील रोज चहाच्या आधी घड्याळाला चावी द्यायचे, मग ते कानाला लावायचे, मग कप उचलायचे. ते गेले, घड्याळ माझ्याकडे आलं. चार वर्षांपूर्वी मोरीच्या फरशीवर पडलं आणि बॅलन्सचा, म्हणजे आत हेलकावणाऱ्या चाकाचा, दांडा मोडला. त्या एवढ्याशा दांड्यासाठी मी सांगली, कोल्हापूर, पुणे पालथं घातलं, तेही गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, एसटीने. पुण्याच्या तिसऱ्या खेपेला पिशवीच कापली कोणीतरी. ही म्हणते, "एवढ्या तिकिटांत चार घड्याळं आली असती." तिला काय सांगू?

१९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीकडून शिकून बेंगळुरूला सरकारने घड्याळं बनवायला घेतली. सतरा ज्वेलची (म्हणजे झीज टाळणाऱ्या बारीक खड्यांची), चावीची, साध्या माणसाच्या खिशाला परवडणारी. नावंही बघा : जनता, जवान, सोना, कोहिनूर. लग्नात जावयाच्या मनगटावर एचएमटी नसेल तर मांडवात कुजबुज व्हायची. जानेवारी २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. मग २०१९ मध्ये बेंगळुरूत एचएमटीचं संग्रहालय उघडलं. म्हणजे आधी मारायचं आणि मग फोटोला हार घालायचा. वा!

क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरचं घड्याळ, आलं, तोटा झाला, हे मला माहीत आहे. कृपया ते कारण पुन्हा पाठवू नका. टायटनमध्ये टाटांसोबत तामिळनाडू सरकारच्या टिडको या औद्योगिक विकास महामंडळाची भागीदारी आहे. तिथे सरकारी पैसा चालतो, घड्याळंही चालतात. मग आमच्याच नशिबी कुलूप का? आज दर तिसऱ्या घरात कपाटात एक बंद एचएमटी पडून असेल. हिशेब माझा आहे, चूक असला तर आपण जनगणनेत विचारून घ्या. तसंही त्यात काय काय विचारतात!

एचएमटीच्या पुनरुज्जीवनाच्या बातम्या आम्ही वाचतो. तीस वर्षं मुलांना घड्याळ लावायला शिकवलं, आता त्यांच्या मुलांना काट्यांवरून वेळ सांगता येत नाही. शाळा बंद, एसटी बंद, कारखाना बंद. चालू काय, तर उद्घाटनं.

मागणी एवढीच : एक मॉडेल. तीच तबकडी, तेच आकडे, चावीचंच. बॅटरी नको. आणि जुन्या घड्याळांसाठी सुटे भाग. पाच हजार म्हणालात तर पाच हजार देऊ, आगाऊ देऊ. रांगेत उभं राहायची सवय आपण मोडू दिलेली नाही.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, सांगली जिल्हा

ता. क. : कुठल्या गोदामात जनताचा बॅलन्स सापडलाच, तर आधी तोच पाठवा. पोस्टाचा खर्च मी देईन.