राजेसाहेबांच्या सहीचा फोटो घरात आहे? आम्हाला दाखवा, आणि त्यामागची हकीकतही सांगा

सोलापूर शहर इंग्रजी अमलातलं, पण भोवती संस्थानांचा मुलूख. अक्कलकोट भोसल्यांचं, मंगळवेढा सांगलीकर पटवर्धनांचा तालुका, आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींची आणि तुळजापूर निजामाच्या हद्दीत. म्हणूनच इथल्या जुन्या घरांत राजांनी सही करून दिलेले फोटो अजून निघतात. कारभारी, मास्तर, वैद्य, पैलवान, अशा मर्जीतल्या माणसांना ते मिळत. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली, १९७१ मध्ये तनखेही गेले. आता वाडे पाडताना हे फोटो फ्रेमच्या लाकडासकट भंगारात जातात.

आमचं छोटं मंडळ अशा फोटोंच्या प्रतींचा संग्रह करत आहे. फोटो देऊन टाका, असं आमचं म्हणणं नाही. स्कॅन करून, लेखी पोच देऊन, तो तुमच्या हाती परत करू. बाजारात किंमत होते ती सहीची. आम्हाला मात्र तो कुणाला, कशाबद्दल मिळाला हेच जास्त मोलाचं वाटतं. ‘पणजोबा दरबारात होते’ एवढंच ठाऊक असेल तरी चालेल. आजीला विचारा, ती नक्की जास्त सांगेल.

एक कळकळीची विनंती. फोटो फ्रेममधून काढू नका. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. ओल्या फडक्याने पुसलं तर शाईची सही पसरते. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर नकोच. सही छापील निघाली तरी संकोच नको. भिंगाखाली ती बारीक ठिपक्यांची दिसली तर बहुधा छापील, पण असे फोटोही त्या काळाचाच भाग आहेत.

मदत दोन प्रकारची हवी आहे. फोटोंसाठी आम्लविरहित कागदाची पाकिटं आणि एक बरा स्कॅनर घ्यायचा आहे. त्यासाठी जमेल तेवढी देणगी द्या, पावती मिळेल. दुसरी गरज पैशाने भागणारी नाही. काही फोटोंच्या पाठीमागे जुन्या मोडी लिपीत किंवा उर्दूत मजकूर असतो. तो वाचू शकणारे जाणकार, विशेषतः निवृत्त मंडळी, रविवारची सकाळ देऊ शकतील का? चहा आमच्याकडून. मंडळाच्या कोणत्याही सभासदाला सांगा. ज्येष्ठांच्या घरी आम्हीच येऊ.