आपली गाठ सापडली

औसा, रविवार, रात्र

प्रिय बापू,

आखाडात तुझे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. राग नव्हता रे. आपली काळी मोटारसायकल बंद पडली होती आणि ते तुला सांगवत नव्हतं. आज सांगतो, कारण आज जे सापडलं ते दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. माझा गुडघा बरा आहे, आईची शुगर आटोक्यात.

दोन महिने हेच चाललं होतं. लामजना पाटी ओलांडली की हेडलाइट पिवळा पडायचा, हॉर्न करडासारखा मिणमिणायचा. नवी बॅटरी टाकली, पंधरा दिवसांत तीही बसली. मग बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारं आरआर युनिट बदललं. फरक शून्य. तू असतास तर ओरडला असतास, "आधी मोज, मग पैसे घाल!" याच वाक्यावरून उदगीरला आपण भरले कप ठेवून उठलो होतो. तुझंच खरं होतं, आज लिहून देतो.

शेवटी काल बॅटरी काढून रात्रभर चार्जिंगला लावली. बसलेल्या बॅटरीवरचं रीडिंग फसवतं, हेही तुझंच. सकाळी 12.7 व्होल्ट. गाडी चालू केली, लाइट लावला, रेस दिली. आकडा 14 च्या वर जायला हवा, तो 12.4 वर उतरला आणि तिथंच बसला.

मग वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर सोडला. गाडी बंद असताना बघितलं, एकही वायर बॉडीला लागत नव्हती. चालू करून मीटर एसीवर घेतलं. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा, रेसबरोबर चढत पन्नासच्या पुढं. कॉइल धडधाकट! मी एकटाच अंगणात टाळी वाजवली. कपलर परत बसवून आरआरच्या तोंडाशी मोजलं तर 14.3. म्हणजे तयार होतंय पुरेसं, बॅटरीपर्यंत पोचत नाही. मीटरचं एक टोक आरआरच्या लाल वायरीवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर लावलं. तिथं शून्याच्या जवळ काहीतरी यायला हवं, आले 1.6 व्होल्ट. उरलेले 0.3 अर्थिंगमध्ये जात होते.

लाल वायर चाचपत गेलो. सीटखाली बोटाला चटका बसला. चिकटपट्टी सोलली, आत पिळलेली गाठ. तांबं हिरवं-काळं, आवरण वितळलेलं.

बापू, ती आपली गाठ होती. कोजागरीला तुळजापूरहून येताना, उजनीला बासुंदी खाऊन निघालो आणि गाडी अंधारात थांबली, ती रात्र. वायर तू दातानं सोललीस, मोबाइलचा उजेड मी धरला. "घरी गेल्यावर डाख देऊ," ठरलं होतं. मग दादा गेले, तू चाकणला गेलास, डाख राहूनच गेला. पिळलेल्या तारांत ओल शिरते, तांबं गंजतं, करंटला वाट अपुरी पडते. गाठ तापते आणि तापून आणखी खराब होते. इतकी वर्षं ती अशी जळत होती आणि मी बॅटरीवाल्याशी भांडत होतो. पण मला त्या गाठीचा राग आला नाही. त्या रात्री तिनंच आपल्याला दादांपर्यंत वेळेवर पोचवलं.

कापली. जाड वायर घातली, डाख दिला, वर नळी चढवली. अर्थिंगच्या बोल्टाखालचा गंज कानशीनं घासला. आता रेस दिली की 14.2. संध्याकाळी किल्लारीपर्यंत जाऊन आलो, येताना काळोख होता, उजेड शेवटपर्यंत पांढरा.

नव्या घराची किल्ली मिळाली का? छोटीची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार.

एकच शंका उरलीय. आयडलिंगला लाइट लावून 12.9 च येतात. मला चालतील असं वाटतं, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय. मेन स्विचच्या वायरी मी उघडलेल्या नाहीत, दिवाळीत तू आलास की उघडू. जळकी गाठ दादांच्या पानाच्या डबीत ठेवलीय.

तुझा,
नाना