चि. मृणालला पत्र: मतदार यादीत नाव घालण्यापूर्वी

दि. 25 जानेवारी 2025

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

येत्या फेब्रुवारीत तुला 18 वर्षे पूर्ण होतील. आज राष्ट्रीय मतदार दिवस आहे, म्हणून तुझे नाव यादीत घालण्याविषयी लिहायला बसलो. एवढेच सांगायचे असते तर फोन पुरला असता. परंतु गेल्या वर्षी विधानसभेच्या निवडणुकीआधी आपल्या गावातील देऊळ, मशीद, चर्च आणि बुद्धविहार यांनी मिळून जे काम केले, त्यात देवस्थान कमिटीचा चिटणीस म्हणून मी होतो, आणि ते तुला माझ्याकडून नीट कळावे अशी इच्छा आहे.

गणपतीत आरतीनंतर मी वही घेऊन घरोघरी बसत होतो आणि त्यावरून तू रागावलीही होतीस. चाकरमानी गावात असतात ते तेवढेच दिवस, त्यामुळे तेव्हाच विचारणे भाग होते. प्रत्येक घरात प्रश्न एकच होता: नाव मुंबईच्या यादीत आहे की इथल्या? दोन्हीकडे नाव असणे कायद्याला मान्य नाही आणि अर्जात खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नव्हते. आपल्या गावचे म्हणून इथे आणि खोलीचा पत्ता म्हणून तिथे, अशी दोन्ही नावे त्यांनी कोणत्याही वाईट हेतूने नव्हे, तर ओढीने ठेवली होती. विधानसभेचे मतदान सर्व 288 जागांसाठी 20 नोव्हेंबरला एकाच दिवशी होते, तेव्हा कोणते गाव आपले, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते.

याची सुरुवात श्रावणात झाली होती. मशिदीच्या जमातीच्या हॉलमध्ये आम्ही चौघांकडची माणसे बसलो आणि यादीचे एकेक पान मोठ्याने वाचत गेलो. पहिल्याच पानावर आपल्या शेजारच्या काकूंचे नाव निघाले, ज्यांचे बारावे जेवून आपल्याला तीन वर्षे झाली. पुढे असे होत गेले की नाव वाचले की कोणीतरी हळूच म्हणे, "ते गेले." गावात कोण वारले हे देवळाला सुतकामुळे कळते, मशिदीला जनाज्यामुळे, चर्चच्या तर रजिस्टरमध्येच लिहिलेले असते, सरकारी यादीला मात्र ते कोणी जाऊन सांगितल्याशिवाय कळत नाही. लग्न होऊन आलेल्या सुनांचे तसेच. चारही समाजांत मिळून कितीतरी सुना अशा निघाल्या की ज्यांचे नाव माहेरच्या यादीत राहिले होते आणि ज्यांनी लग्नानंतर एकदाही मतदान केले नव्हते. त्यांना कोणी अडवले नव्हते, पत्ता बदलण्यासाठी फॉर्म 8 भरावा लागतो हे कोणी सांगितले नव्हते एवढेच. माझ्या मते आमच्या सगळ्या खटाटोपात हेच काम सर्वांत मोलाचे झाले. मतदार यादीचे काम पाहणाऱ्या सरकारी कर्मचारी, म्हणजे बीएलओ बाईंनी आमची वही पाहिली आणि प्रत्येक घरी स्वतः जाऊन खात्री करून घेतली.

खरा वाद झाला तो शेवटच्या बैठकीत. लोकांना "मतदान करा" असे सांगायचे, यावर सर्वांचे एकमत होते. परंतु आपल्याच मानकऱ्यांपैकी एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले की देवस्थान एवढे राबते आहे, तर गावाचे हित कोणात आहे हेही देवळातून सांगायला काय हरकत आहे? मशिदीच्या बाजूनेही एकजण थोडे तसेच बोलला. मी उभा राहिलो, आणि जी गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती ती मला तिथे सांगावी लागली.

मी कॉलेजात असताना एका निवडणुकीच्या आदल्या रात्री गावातील कर्त्या पुरुषांना देवळात बोलावले होते. देवासमोर नारळ ठेवला, गाऱ्हाणे घातले आणि प्रत्येकाने नारळावर हात ठेवून सांगायचे की घरातील सगळी मते अमुक एकालाच पडतील. तुझ्या आजोबांनी हात ठेवला. उमेदवार कोण होता याला आता महत्त्व नाही. आजीचा विचार वेगळा होता. ती दोन दिवस नीट जेवली नाही, कारण मनासारखे केले तर देवाचा कोप आणि नवऱ्याचा शब्द मोडल्याचे पाप, आणि नाही केले तर आतून जळणे. ती गेली आणि नारळाप्रमाणे शिक्का मारून आली. त्या दिवशी चुलीपुढे बसून ती भाकरी थापत होती आणि परातीत पीठ मळता मळता तिच्या डोळ्यांतले पाणी पिठात पडत होते, हे मी पाहिले आहे. देवावर तिची एवढी श्रद्धा, आणि त्याच श्रद्धेचा तिच्याविरुद्ध उपयोग केला गेला.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 मधील कलम 123 मी त्या बैठकीत वाचून दाखवले. मतदाराला देवाच्या अवकृपेची भीती घालणे किंवा वाळीत टाकण्याची धमकी देणे हा त्या कलमाप्रमाणे निवडणुकीतील भ्रष्ट आचार आहे. वाळीत टाकणे म्हणजे काय हे कोकणात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. महाराष्ट्राला त्याविरुद्ध 2016 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. धर्माच्या नावाने मत मागण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 2 जानेवारी 2017 रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने स्पष्ट केले की उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येत नाही. फादर म्हणाले, मग आपण एकच वाक्य लिहू आणि चारही ठिकाणी तेच वाचू, त्यात एक शब्द कमी नाही की जास्त नाही. वाक्य असे ठरले: "20 तारखेला प्रत्येकाने मतदान करावे, कोणाला करावे हे कोणी कोणाला सांगू नये." तहसील कार्यालयाला ते आधी लेखी कळवले. ते मानकरी गृहस्थ बराच वेळ गप्प होते, नंतर त्यांनीच ते सुवाच्य अक्षरात चार कागदांवर उतरवून दिले.

शुक्रवार, 15 नोव्हेंबरला त्रिपुरारी पौर्णिमा होती. दुपारी जुम्म्याच्या नमाजानंतर ते वाक्य वाचले गेले, संध्याकाळी विहारात बुद्धवंदनेनंतर, आणि त्याच वेळी आपल्या देवळात दीपमाळ पेटल्यावर गुरवांनी ते वाचले. रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर वाचले. खोल समुद्रात जाणाऱ्या होड्यांच्या तांडेलांनी 19 च्या रात्री परत येण्याचे कबूल केले आणि बहुतेकांनी ते पाळले. चर्चजवळच्या आजीबाई 85 च्या पुढच्या आहेत, त्यांना घरून मतदान करता यावे म्हणून 12 डी फॉर्म जमातीच्या एका मुलाने मुदतीत पोहोचवला होता.

तुझ्या आजीला मी केंद्रापर्यंत नेले. आत ती एकटीच गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, काचेतून चिठ्ठी दिसली, बरोबर होती. आणि मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू विचारणार नाहीस ना?" मी विचारले नाही.

आता तुझ्याविषयी. 1 एप्रिल या अर्हता दिनांकासाठी, म्हणजे ज्या तारखेला 18 वर्षे पूर्ण असावी लागतात त्या तारखेसाठी, तुझे नाव घेता येते आणि त्यासाठी अर्ज आताच करता येतो. फॉर्म 6 भरायचा आहे. पुण्याच्या वसतिगृहाचा पत्ता द्यायचा की इथला, हे तू ठरव. दोन्ही चालतील, पण एकच. इथला ठेवलास तर मतदानाला यावे लागेल, तो खर्च मी देईन. जन्मतारखेच्या दाखल्याची प्रत या पत्रासोबत ठेवली आहे आणि छायाचित्र तू तिथेच काढून घे. आजीला फोन कर, ती वाट पाहते.

तुझे,
बाबा