बेंचवर बसवलं म्हणून क्लास सोडवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळी सुट्टीतल्या क्रीडा शिबिरांची बातमी तुमच्या पुणे पुरवणीत वाचली, त्यावरून लिहावंसं वाटलं. माझी मुलगी डेक्कन भागात बास्केटबॉलला जाते. तिथे कोर्टापेक्षा कोर्टाबाहेर जास्त गेम चालतो, म्हणजे मॅच संपली रे संपली की दोन-चार पालक सरांना घेरतात, आमच्या पोराला पाचच मिनिटं का खेळवलं, फी तर सगळ्यांची सारखीच आहे ना वगैरे, आणि पुढच्या महिन्यात ते पोरगं दुसऱ्या क्लासला.

या मंडळींनी अमेरिकेचा बास्केटबॉलपटू आणि कोच स्टीव्ह कर याचं करिअर एकदा बघावं. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याचा नंबर ५० वा, म्हणजे कुणाला फारशी आशाच नव्हती. पठ्ठ्या १५ सीझन खेळला, तेही बहुतेक बेंचवरून उठून, सरासरी मॅचला सहा पॉइंट. पण थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट, घ्यावा तर त्यानेच! १९९७ च्या फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये शेवटच्या काही सेकंदांत शिकागोच्या स्टार मायकेल जॉर्डनने बॉल याच्याकडे दिला आणि याने तो बरोबर घातला. शिकागोकडून तीन आणि सॅन अँटोनियोकडून दोन अशी पाच टायटल्स खेळाडू म्हणून, आणि बेंचवर बसून बघितलं कुणाला, तर या दोन टीमचे कोच फिल जॅक्सन आणि ग्रेग पॉपोविच यांना. एवढी शिकवणी पैसे मोजूनही मिळत नाही हो.

२०१४ मध्ये तो एनबीएतल्याच गोल्डन स्टेट वॉरियर्स टीमचा कोच झाला, आधी कुठेच कोचिंग केलेलं नसताना. आल्याआल्या त्याने आंद्रे इग्वोडाला या खेळाडूला बेंचवर बसवलं, जो तोपर्यंत करिअरमधली प्रत्येक मॅच सुरुवातीपासून खेळला होता. विचार करा, आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर पालकांनी संस्थेच्या सेक्रेटरीपर्यंत प्रकरण नेलं असतं! पुढे २०१५ च्या फायनलमध्ये टीम १-२ ने मागे पडली तेव्हा त्यालाच पहिल्या पाचात घेतलं, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. बरं, ही आयडिया आपली नाही, स्टाफमधल्या एका तरुण असिस्टंटची आहे हे करने जाहीरपणे सांगून टाकलं. नंतर २०१८ मध्ये तर एका मॅचला टाइमआउटमध्ये कोच ज्यावर डावपेच काढून दाखवतो तो बोर्ड खेळाडूंच्याच हातात दिला, आणि त्यांनी ती मॅच ४६ पॉइंटने मारली.

जो चांगला खेळतो तो चांगला शिकवतोच असं मला वाटत नाही. पण बेंचवर बसून ज्याने गेम नीट बघितलाय त्याला शिकवायला सांगून बघायला काय हरकत आहे? आपल्याकडे दहावीचं वर्ष आलं की पोरं सुटतात ती सुटतातच. त्यातल्या ज्यांना खरंच गेम कळतो त्यांना क्लबांनी छोट्या बॅचला असिस्टंट म्हणून घ्यावं, थोडंफार मानधन द्यावं, पुढे त्यातलं कुणी पतियाळाला एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंगचा डिप्लोमाही करेल.

आणि एक विनंती तुम्हाला. आंतरशालेय स्पर्धांच्या बातमीत फक्त सगळ्यात जास्त पॉइंट करणाऱ्याचं नाव येतं, तिथे एका ओळीत टीमच्या कोचचंही छापत जा की.

आपली,
एक वाचक पालक, एरंडवणे, पुणे