कुठल्या कॅन्सरला, ते हेडिंगमध्येच छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'पेशंटच्याच पेशींनी कॅन्सर बरा' अशा बातम्या हल्ली सारख्या येतायत आणि व्हॉट्सअपवर तर त्याच्याही वरताण हेडिंगं फिरतात. उपचार खरा आहे, त्याबद्दल शंकाच नाही. कार-टी सेल थेरपी म्हणतात त्याला, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी मिळून भारतातली पहिली तयार केली, ऑक्टोबर २०२३ ला मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती मुर्मूंच्या हस्ते सुरू झाली. अमेरिकेत ज्याला ३-४ कोटी मोजावे लागतात ते इथं ३०-४० लाखांत, खरंच अभिमान वाटतो. पण हे आहे ठराविक ब्लड कॅन्सरसाठी, बी-सेल लिम्फोमा आणि बी-सेल ल्युकेमिया, तेही आधीचे उपचार लागू पडले नाहीत किंवा आजार उलटला तरच. आणि नेमकं हेच बातमीत कुठंतरी तळाला असतं, नाहीतर नसतंच.

माझं दसरा चौकाजवळ मेडिकल आहे, सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, आलेली माणसं दिवसभर येत असतात. मध्ये कागलकडचे एक काका आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत भावाचा बायोप्सी रिपोर्ट आणि त्यालाच टाचणी लावलेलं बातमीचं कात्रण, 'टी सेल' शब्दाखाली पेनानं रेघ मारलेली. भावाला तंबाखूनं गालाचा कॅन्सर. ऑपरेशनची तारीख मिळालीवती, ती यांनी पुढं ढकलली, का तर ही सुई मिळाली तर चेहरा कापायला नको, आणि ऊसाच्या रानाला गिऱ्हाईक पण बघून ठेवलंवतं. मला ऐकून धस्स झालं.

त्यांना सांगितलं तेच इथं लिहितो. पेशंटच्या रक्तातल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मशीनवर वेगळ्या काढतात, लॅबमध्ये निरुपद्रवी केलेल्या व्हायरसमधून त्यांच्यात नवीन जीन घालतात, मग त्या पेशींना सीडी१९ नावाची खूण ओळखता येते, त्या वाढवून परत सलाईनमधून सोडतात. ही खूण बी पेशींवर (याही रक्तातल्या पांढऱ्या पेशीच, वरचे बी-सेल कॅन्सर त्यांचेच) असते, गालाच्या नाहीतर जिभेच्या गाठीवर नसते, मग त्या पेशी तिथं जाऊन करणार काय? गाठीच्या कॅन्सरवर जगभर संशोधन चालू आहे पण आज आपल्या गालाच्या पेशंटला त्याचा उपयोग नाही. शिवाय ही काय दवाखान्यात टोचून घरी जायची सुई नव्हे, आधी केमो द्यावी लागते, नंतर जोराचा ताप येतो, बीपी पडतं, कधी कधी आयसीयू लागतो.

याचाच फायदा घेऊन 'इम्युनिटी सेल'च्या नावाखाली पॅकेज विकणारे पण आहेत, एका गिऱ्हाईकानं मला तसली पावती दाखवली, त्यावर औषधाचं नाव सुद्धा नव्हतं. अशा पावत्या अन्न व औषध प्रशासनानं एकदा तपासाव्यात.

आता ज्यांना खरंच ब्लड कॅन्सर आहे आणि तो उलटलाय त्यांच्या घरच्यांनी मात्र डॉक्टरांना हे लवकर विचारावं, कारण केमोवर केमो होत गेल्या की टी पेशी पण दमतात आणि मग चांगल्या पेशी काढायला मिळत नाहीत. पैशाचं काय, हा प्रश्न राहतोच. जन आरोग्य योजनेचं ५ लाखांचं कव्हर आणि खर्च ३०-४० लाख, मधला फरक शेतमजुरानं नाहीतर एमआयडीसीतल्या कामगारानं कुठून आणायचा? आपल्याच राज्यात तयार झालेला उपचार आपल्याच माणसाला परवडत नाही याचं वाईट वाटतं, सरकारनं यासाठी वेगळा निधी ठेवलाच पाहिजे आणि आमदार-खासदारांनी तो मागितला पाहिजे.

तुमच्याकडं एवढीच विनंती, पुढची बातमी छापाल तेव्हा कुठल्या कॅन्सरला ते हेडिंगमध्येच टाका, आणि तोंडाच्या कॅन्सरवाल्यांनी ऑपरेशनची तारीख पुढं ढकलू नये हे पण त्याच बातमीत ठळक छापा.

– एक मेडिकल दुकानदार, कोल्हापूर