समुद्रात पडलेल्या कंटेनरमध्ये काय आहे, ते आम्हाला आधी कळू द्या

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार

महोदय,
स. न. वि. वि.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' ही जहाजं एकमेकांवर आदळली. 'चित्रा' कलंडली, कंटेनर पाण्यात पडू लागले. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. पसरलेलं तेल निदान डोळ्यांना दिसत होतं. त्याच जहाजावर कीटकनाशकांचेही कंटेनर होते, ते कुठे वाहत गेले हे आमच्या करंज्याच्या धक्क्यावर येऊन कोणी सांगितलं नाही. किनाऱ्याला लागलेले बिस्किटांचे पुडे पोरं गोळा करत होती. माझ्या आईने एकाच्या हातातला पुडा हिसकावून घेतला. त्यात विष आहे की नुसती बिस्किटं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पुढे कित्येक दिवस तिची विकायला नेलेली मासळीची पाटी भरलेलीच घरी परत यायची.

तेलगळतीसाठी आपल्याकडे १९९६ पासून राष्ट्रीय योजना आहे आणि आपल्या खात्याचं तटरक्षक दल ती राबवतं. 'समुद्र प्रहरी'सारखी जहाजं त्यासाठीच बांधली. पण रसायनांना तोच साचा लावून चालणार नाही, त्यांच्यासाठी वेगळी योजना हवी. तेल तरंगतं, त्याला बूम, म्हणजे तरंगता अडसर, लावून अडवता येतं. नायट्रिक आम्ल पाण्यात मिसळून जातं, अमोनियाचा ढग वाऱ्याबरोबर गावावर येतो, काही रसायनं तळाला बसतात आणि तिथेच आमची डोल, म्हणजे पाण्यात रोवलेलं जाळं, लागलेली असते.

२५ मे २०२५ ला कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं. त्याच्यावर ६४० कंटेनर होते, त्यातल्या १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. कार्बाइड म्हणजे काय हे कोकणात कोणाला सांगावं लागत नाही. बंदी असूनही आंबे पिकवायला पुड्या बांधून पेटीत टाकतात ते हेच. पाणी लागलं की त्यातून ॲसिटिलीन वायू सुटतो आणि तो ठिणगीने पेटतो. असा कंटेनर रात्री जाळ्यात अडकला आणि होडीवर स्टोव्हवर भात शिजत असला, तर काय होईल? अशा मालाच्या कंटेनरवर शंकरपाळ्याच्या आकाराची निळी पाटी असते, तिच्यावर ज्वाळेची खूण आणि खाली ४ चा आकडा. ही पाटी मी पहिल्यांदा गेल्या वर्षी मोबाइलवर पाहिली. होडी चालवणाऱ्या आमच्या तांडेलांपैकी एकालाही ती कोणी दाखवलेली नाही.

त्या जहाजावरच्या मालाची यादी लोकांसमोर ठेवा, असं केरळ उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. यादी मागायला मच्छीमाराने कोर्टाची पायरी का चढावी? ती अपघातानंतर पहिल्या तासाभरात किनाऱ्यावरच्या प्रत्येक मच्छीमार सोसायटीत पोचली पाहिजे, आणि मराठीत: काय पडलंय, पाण्यात त्याचं काय होतं, किती लांब राहायचं. १५५४ हा तटरक्षक दलाचा नंबर आमच्याकडे पाठ आहे. तिकडून आमच्याकडे येणारा निरोपही तितकाच पक्का हवा.

९ जून २०२५ ला केरळच्या समुद्रात पेटलेलं 'वान हाय ५०३' कोलंबोहून आमच्या शेजारच्या न्हावा शेवा बंदरालाच निघालं होतं. ते इथे पोचून पेटलं असतं, तर धूर आमच्या घरांवरून गेला असता. २०२१ मध्ये कोलंबोजवळ बुडालेल्या 'एक्स-प्रेस पर्ल'वर नायट्रिक आम्लाचा एक कंटेनर आधीपासून गळत होता. कतारचं हमाद आणि गुजरातचं हजिरा, दोन्ही बंदरांनी तो उतरवून घेतला नाही. गळका कंटेनर कोणत्या बंदराने घ्यायचा, हे रसायनगळतीच्या योजनेत नाव घालून लिहून ठेवा. ऐन वेळी प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आणखी एक, माझ्या मनाला सगळ्यात लागलेलं. समुद्र बंद झाला की पंचनामा होडीचा होतो. मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईच्या नावावर ना होडी असते ना परवाना, म्हणून ती कोणत्याच यादीत येत नाही. भरपाईच्या यादीत तिचं नाव घाला. मासळी खायला सुरक्षित आहे की नाही, हे कोणती प्रयोगशाळा किती दिवसांत सांगणार तेही ठरवा, म्हणजे गिऱ्हाईक अफवेवर परत जाणार नाही.

पावसाळी बंदीत होड्या ओढलेल्या असतात, तांडेल घरीच असतात, किनाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या सागर सुरक्षा दलाची मुलंही मोकळी असतात. त्या दिवसांत रसायनगळतीचा एक सराव करंज्याच्या धक्क्यावर घ्या. माणसं आणि होड्या आम्ही देऊ.

आपली,
करंजा कोळीवाड्यातील एक तांडेलाची मुलगी
ता. उरण, जि. रायगड